'मोठं झाल्यावर बघू' म्हणण्याआधी: प्रसूतिकक्षातल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

जन्मलेलं बाळ ज्यांच्या हातात सगळ्यात आधी येतं, त्या तुम्हा सर्वांना हे पत्र लिहिते आहे. प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, सुईणी, सगळ्यांनाच. मी हाताच्या शस्त्रक्रिया करते, त्यातही बहुतेक लहान मुलांच्या. मूल माझ्यापर्यंत पोचतं तोवर त्याच्या हाताबद्दलचं पहिलं वाक्य कुणीतरी बोलून गेलेलं असतं. बहुतेक वेळा ते तुमच्यापैकी कुणाचं तरी असतं. आईवडिलांच्या मनात ते असं रुतून बसतं, की नंतर मी तासभर समजावलं तरी जागचं हलत नाही.

मध्यंतरी चार वर्षांची एक मुलगी आली. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी जन्मापासून टोकापर्यंत जुळलेली. आईने पिशवीतून घडी घालून जपलेला कागद काढला. त्यावर जन्माच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं: बोटं जुळलेली, बाकी बाळ ठीक, मोठं झाल्यावर बघू. तिने ते तंतोतंत पाळलं होतं. मी मुलीचा हात टेबलावर पालथा ठेवला. अनामिका मधल्या सांध्यात वाकून करंगळीकडे कलली होती, तिचं नखही फिरलं होतं. हलकेच सरळ करू गेले तर सांधा अर्ध्यावरच अडला. करंगळी आखूड, अनामिका लांब. लांब बोट वाढू पाहतं आणि आखूड बोट त्याला धरून ठेवतं. चार वर्षं ही ओढाताण चालू होती. सहा महिन्यांची असताना ती बोटं सुटी केली असती, तर काम बहुतांशी कातडीपुरतं राहिलं असतं. आता सांधाच आखडला होता. बोट सुटं होईल एवढं मी सांगू शकले. पूर्ण सरळ होईल का, या आईच्या प्रश्नावर मात्र 'हो' म्हणता आलं नाही.

तो कागद लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आईला धीर द्यावा, एवढंच त्यांना वाटलं असणार. पण कुठल्या हाताने थांबायचं आणि कुठल्या हाताने अजिबात थांबायचं नाही, हे आपल्या शिक्षणात कुणी नीट शिकवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते.

जुळलेली बोटं साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात दिसतात. सगळ्यात जास्त वेळा मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधली बेचकी बंद असते. ही दोन बोटं जवळपास सारख्या लांबीची, त्यामुळे एकमेकांना फारशी ओढत नाहीत. तिथे एक ते दीड वर्षापर्यंत थांबणं चांगलंच. फार लवकर सोडवली तर वाढत्या वयाबरोबर नवी बेचकी पुन्हा बोटांच्या टोकाकडे सरकत जाण्याची शक्यता वाढते. पण अंगठा आणि तर्जनी जुळलेली असतील, किंवा अनामिका आणि करंगळी, तर थांबण्यात नुकसान आहे. काठावरची बोटं लांबीला असमान असतात. सहा महिन्यांच्या सुमाराला ती वेगळी व्हायला हवीत. तेव्हा 'बोटं जुळलेली' एवढं लिहून भागत नाही. कुठली दोन, कुठपर्यंत, नखं एक आहेत की वेगळी, आतली हाडं वेगवेगळी जाणवतात का, हे लिहा. एका ओळीचं काम आहे.

आईवडील हमखास विचारतात, "मधली कातडी कापायची आणि शिवून टाकायचं, एवढंच ना?" त्यांना मी दोन पेन्सिली घेऊन दाखवते. दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्याभोवती एकत्र कागद गुंडाळायचा, मग प्रत्येकीला वेगळा गुंडाळायचा. दुसऱ्या वेळी कागद सुमारे २२ टक्के जास्त लागतो. बोटांचं अगदी तसंच आहे. वेगळी केल्यावर दोन्ही बोटं झाकायला कातडी पुरत नाही. बेचकीसाठी हाताच्या पाठीवरची कातडी, तिचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून, पदरासारखी आत वळवतात. बोटांच्या बाजूंना जिथे उघडं राहतं तिथे बहुधा जांघेतल्या पूर्ण जाडीच्या कातडीचं ठिगळ लावतात. छेद नागमोडी घेतात, कारण सरळ रेषेतला व्रण आकसतो आणि बोटाला वाकवतो. आणि एकाच बोटाच्या दोन्ही बाजू एका बैठकीत कधीही सोडवत नाहीत, बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. म्हणून तीन बोटं जुळलेल्या बाळाच्या आईला पहिल्याच दिवशी "एका ऑपरेशनमध्ये होऊन जाईल" असं कृपा करून सांगू नका. पुढे दुसरी तारीख दिली की ती माऊली समजते, पहिलं ऑपरेशन फसलं.

आता दोऱ्याबद्दल. करंगळीच्या बाजूला बारीक देठावर लोंबणारं जादा बोट दिसलं की त्याला घट्ट दोरा बांधायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. रक्त थांबतं, बोट काळं पडतं, काही दिवसांत गळून जातं. बघायला सोपं वाटतं. पण देठ अगदी बारीक नसेल तर तिथे गाठ उरते, कधी जंतुसंसर्ग होतो. देठातून गेलेली नस तिथेच कातडीखाली दबून राहते आणि तिच्या टोकाला दुखरी गाठ धरते. हाताची कड टेबलाला लागली की हात झटकन मागे घेणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. जन्मानंतर कुणीतरी बांधलेल्या दोऱ्याचं हे दुखणं असतं. जागेपुरती भूल देऊन ते बोट नीट काढलं, नस हलकेच ओढून आत खोलवर कापली, की ती मऊ मांसात मागे जाते आणि पुढे त्रास देत नाही. मी दोरा बांधत नाही. तुम्हीही बांधू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि त्या बोटात हाड लागत असेल, तर दोऱ्याचा विचारही मनात आणू नका.

अंगठा दुहेरी असेल तर प्रकरण वेगळं असतं, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. उमेदीच्या वर्षांत एक बाळ माझ्याकडे आलं. उजव्या अंगठ्याला बाहेरच्या बाजूने दुसरा, लहानसा अंगठा. 'जादा' शब्दाने मला चकवलं. जादा म्हणजे काढून टाकायचा. मी तो बुडाशी काढला, टाके घातले, अर्ध्या तासात काम झालं. घरच्यांनी आभार मानले. ते मूल सहा वर्षांचं होऊन परत आलं तेव्हा अंगठा नागमोडी झाला होता, मुळाच्या सांध्यात एकीकडे आणि टोकाच्या सांध्यात दुसरीकडे वाकलेला. पेन्सिल धरली की चिमटीतून निसटायची. तो मुलगा तक्रार करत नव्हता. दर वेळी डाव्या हाताने पेन्सिल पुन्हा जागेवर बसवत होता. ते दृश्य मी विसरलेले नाही.

दुहेरी अंगठ्यात एक अंगठा खरा आणि दुसरा जादा असं नसतंच. एकच अंगठा दोघांत वाटला गेलेला असतो, आणि दोन्ही नेहमीच्या अंगठ्यापेक्षा बारीक असतात. १९६९ साली वासेल यांनी हाडं कुठल्या पातळीवर दुभंगली आहेत यावरून त्याचे सात प्रकार मांडले. त्यातला चौथा, मुळाच्या सांध्यापासून दोन फाटे फुटलेला, सगळ्यात जास्त दिसतो. त्यात बाहेरच्या अंगठ्यावर सांध्याला बाजूने आधार देणारा अस्थिबंध आणि अंगठा हातापासून दूर नेणारे स्नायू येऊन चिकटलेले असतात. बाहेरचा अंगठा नुसता कापला, तर हे सगळं त्याच्याबरोबर जातं. ते आधी सोडवून राहणाऱ्या अंगठ्यावर पुन्हा बसवायचं, खालच्या हाडाचं रुंद डोकं तासायचं, गरज पडली तर हाड कापून रेषेत आणायचं, तेव्हा कुठे ते काम पुरं होतं. म्हणून 'छोटंसं ऑपरेशन आहे, कुणीही करेल' हे वाक्य दुहेरी अंगठ्याच्या बाबतीत आपल्या तोंडून निघता कामा नये. ते मी स्वतः मानलं होतं, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. त्याचं दुसरं ऑपरेशन मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या शेजारी उभं राहून केलं. अंगठा स्थिर झाला. पण पहिल्याच वेळी नीट केला असता तर जसा झाला असता, तसा तो झाला नाही.

अंगठा नसलेल्या किंवा अगदीच किरकोळ असलेल्या हातांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे तुमची नजर बाळाचा जीवही वाचवू शकते. ब्लाउथ यांनी १९६७ साली खुरट्या अंगठ्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. पहिलीत अंगठा फक्त जरा लहान असतो. चौथीत तो हाडाच्या आधाराशिवाय कातडीच्या दोरीवर लोंबतो. पाचवीत नसतोच. असा हात दिसला की तिथेच थांबू नका. हृदय, मूत्रपिंडं, पाठीचा कणा, गुदद्वार, अन्ननलिका, सगळं तपासा. हाताचा हा भाग आणि हे अवयव गर्भात आगेमागे एकाच काळात घडतात, आणि बिघाडही पुष्कळदा सोबत येतो. त्यातच कधी कधी फॅन्कोनी ॲनिमिया हा आजार असतो. जन्माच्या वेळी रक्ताचा अहवाल निर्दोष येतो, म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि काही वर्षांनी अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवू लागते. त्याचं निदान गुणसूत्रं किती सहज तुटतात हे पाहणाऱ्या तपासणीने होतं, साध्या रक्ततपासणीने होत नाही. वेळेवर कळलं तर प्रत्यारोपणाची तयारी करायला वर्षं हाती असतात. जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसमध्ये झालं, ते याच आजाराच्या एका मुलावर. नाळ त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीची होती. ती प्रसूतिकक्षातच जपून ठेवली गेली, कारण आजार आधीच माहीत होता. अंगठ्याकडे बघून रक्ताची शंका घेणारा माणूस पहिल्या दिवशी तिथे असेल, तर फरक एवढा मोठा पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी सांधा घडलेलाच नसेल, तर तर्जनीचा अंगठा करतात. याला पॉलिसायझेशन म्हणतात. जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड हे औषध विकलं गेलं आणि गर्भारपणात ते घेतलेल्या आयांची हजारो मुलं अपुऱ्या हातांनी जन्मली. त्या मुलांवर काम करता करता हॅम्बुर्गचे डीटर बुक-ग्रामको यांनी ही शस्त्रक्रिया घासून पुसून घेतली आणि १९७१ साली मांडली. आजही आम्ही बहुतेक त्यांच्याच वाटेने जातो. तर्जनीच्या तळहातातल्या हाडाचा मधला भाग काढून ती आखूड करायची, तिच्या नसा आणि रक्तवाहिन्या न तोडता तिला जागेवरच फिरवून बाकी बोटांसमोर आणायची. तळहाताच्या हाडाचं डोकं मनगटातल्या छोट्या हाडाची जागा घेतं. तर्जनीच्या मुळाचा सांधा अंगठ्याच्या बुडाचा सांधा होतो. तर्जनी बाजूला नेणारा स्नायू आता अंगठा दूर नेऊ लागतो. शेवटी रक्त थोपवून धरणारा दंडाचा हवेचा पट्टा सोडायचा. फिरवलेलं बोट पांढरंफटक असतं. शस्त्रक्रियागृहात कुणी बोलत नाही. मग बुडाकडून गुलाबी रंग चढायला लागतो आणि नखापर्यंत पोचतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या एक-दोन मिनिटांत मी आजही श्वास रोखून उभी असते.

इथेही पहिलं वाक्य आड येतं. लोंबता अंगठा पाहून कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, "आहे ना अंगठा, वाढेल हळूहळू." बुडाला सांधा नसलेला अंगठा वाढून कामाचा होत नाही. मूल नऊ-दहा महिन्यांचं होतं, चिमटीने वस्तू उचलायला बघतं, आणि त्या अंगठ्याला वगळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत वस्तू धरायला शिकतं. त्याच्या मेंदूने निर्णय घेतलेला असतो. आईवडिलांना मात्र वाटतं, आम्ही असलेला अंगठा काढायला निघालो आहोत. हे समजायला, पचायला त्यांना महिने लागतात. म्हणून मला ती माणसं बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना भेटायला हवी असतात, तीन वर्षांनी नव्हे.

एक प्रसंग मात्र असा आहे की महिने सोडाच, तासही हातात नसतात. गर्भातल्या पडद्याच्या धाग्याने बोटाला किंवा हाताला करकचून वळं पडलेलं असतं. त्याच्या पुढचा भाग सुजलेला, निळसर किंवा थंड असेल, तर वजन नंतर करा, आधी फोन करा. वळं उथळ असेल आणि पुढचं बोट गुलाबी असेल, तर पुढे सवडीने नागमोडी छेदांनी ते सोडवता येतं.

याच्या उलटही सांगते, कारण सगळ्याच बोटांना चाकू लागत नाही. करंगळीचं किंचित आत वळणं बहुधा तसंच सोडून द्यावं. मधल्या सांध्यात वाकलेल्या करंगळीला आधी ताण देण्याचे व्यायाम आणि रात्रीची पट्टी, शस्त्रक्रिया अगदी क्वचित. अंगठ्याचं टोक वाकून अडकलं आणि बुडाशी तळहाताच्या बाजूला बारीकशी गाठ लागली, तर तो 'जन्मतः' समजला जातो, पण नवजात बाळांत तो शोधूनही सापडत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षात तो दिसू लागतो, आणि पुष्कळ मुलांत काही वर्षांत आपोआप मोकळा होतो. प्रसूतीच्या वेळी ओढाताण झाली म्हणून असं झालं, हा तुमच्यावर येणारा आळ खोटा आहे, हेही आईवडिलांना सांगा. काही हात दिसायला वेगळे असतात, पण मूल त्यांनी सगळं करतं. बोटं आखूड असूनही चिमूट पक्की, पकड पक्की, स्पर्श पूर्ण. अशा हाताला सुंदर करायच्या नादात मी त्याची पकड घालवली, तर तो माझा अपराध ठरेल. फक्त अशा आखूड बोटांच्या बाळाची छातीही एकदा चाचपा. त्याच बाजूच्या छातीच्या मोठ्या स्नायूचा एक भाग नसेल, तर ते आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ सालीच नोंदवलेलं चित्र असतं.

भुलेची भीती तुम्हालाही असते आणि आईवडिलांना तर असतेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल याबद्दल सावध केलं होतं. ते खरं आहे आणि आम्ही ते मनात ठेवूनच आखणी करतो. पण २०१९ साली सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ बाळांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तान्हेपणी एकदा दिलेल्या तासाभराच्या आतल्या भुलेमुळे पाचव्या वर्षी बुद्धीत फरक आढळला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. नुसती पहिली सांगितली की माणसं घाबरून वर्षानुवर्षं येत नाहीत.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट. बाळाचा हात बघताक्षणी आईकडे वळून "काही औषध घेतलं होतं का?" असं विचारू नका. इतिहास घ्यायचाच आहे, तो दुसऱ्या दिवशी, दार लावून, शांतपणे घ्या. हाताची कळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमाराला फुटते. आधी वल्ह्यासारखा चपटा तळवा तयार होतो, मग बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटं सुटी होतात. त्या पेशी मेल्या नाहीत, तर बोटं जुळलेली राहतात. अनेक बायकांना दिवस गेल्याचं कळतं तोवर हे घडायला सुरुवात झालेली असते. थॅलिडोमाइडसारखं खरोखर कारण असलेलं औषध हा अपवाद. काही घराण्यांत हे पिढ्यानपिढ्या येतं, बाकी बहुतेक वेळा बोट दाखवावं असं कारण सापडत नाही. हे आईला कुणीतरी सांगावं लागतं, आणि पहिल्या दिवशी तिच्याजवळ फक्त तुम्ही असता. माझ्याकडे येणाऱ्या आया बाळाचा तो हात दुपट्यात गुंडाळून आणतात. गरमीच्या दिवसांतही. दुपटं सोडताना त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात, हाताकडे नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. बाळाचं दुपटं पहिल्यांदा तुम्ही सोडा, आईच्या समोर. तो हात आपल्या हातात घ्या, बोटं मोजा, मुठीत तुमचं बोट देऊन पकड बघा, नि काय दिसतंय ते तिला साध्या शब्दांत सांगा. दोन्ही हातांचा पुढून आणि मागून फोटो काढून कागदपत्रांत लावा. आणि 'मोठं झाल्यावर बघू' ज्या ओळीत लिहिता, त्याच ओळीत लिहा: 'हाताच्या तज्ज्ञांना तीन महिन्यांच्या आत दाखवावे'. थांबायचंच असेल, तर किती थांबायचं ते आम्ही त्यांना तारखेसह सांगू.

आपली,
मुलांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारी एक सहकारी